तपासणी अहवाल निर्दोष आहे, तरी सकाळचा पहिला पेला पिवळट का येतो?

प्रश्न (जुने_घर)

नमस्कार. आमचे शहर लहान आहे. एकच जलशुद्धीकरण केंद्र आहे आणि तेथूनच सर्वांना पाणी येते. या पाण्याचा ताजा तपासणी अहवाल मी वाचला. जंतूंपासून धातूंपर्यंत त्यातील सर्व आकडे मर्यादेच्या आत आहेत. तरीही आमच्या सुमारे साठ वर्षे जुन्या घरात सकाळी स्वयंपाकघरातला नळ सोडला की पहिला पेला किंचित पिवळट येतो, तोंडात नाणे धरल्यासारखी चव लागते आणि थोड्या वेळाने सारे पूर्ववत होते. न्हाणीघरातल्या बेसिनवर, तोटीच्या बरोबर खाली, निळसर-हिरवा ओघळ उमटला आहे. तो घासून काढला तरी महिन्याभरात परत येतो. काल मी तोटीच्या तोंडाची जाळी उघडून पाहिली, तेव्हा गंजाच्या तपकिरी भुग्यात दोन-तीन राखाडी कण सापडले, आणि नखाने दाबल्यावर ते चपटे झाले.

घरात आठ महिन्यांचे बाळ आहे आणि त्याची दुधाची पावडर याच पाण्यात कालवली जाते. पाणी उकळून घेणे पुरेसे आहे का, आणि नेमकी कोणती तपासणी करून घ्यावी?

प्रतिसाद १ (सहज_आलो)

जुन्या घरात थोडा गंज यायचाच. पाणी दहा मिनिटे उकळावे आणि एक टीडीएस मीटर आणून ठेवावे. आकडा कमी आला की निश्चिंत राहावे. आम्ही वर्षानुवर्षे हेच करतो.

प्रतिसाद २ (नमुना_बाटली)

वरील सल्ला सद्भावनेने दिलेला असला तरी या बाबतीत तो चुकीचा ठरेल, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. पाण्याच्या प्रयोगशाळेत मी बरीच वर्षे काम केले आहे.

उकळल्याने जंतू मरतात. त्यासाठी पाणी खळखळून एक मिनिट उकळले तरी सहसा पुरते. धातू मात्र, आणि इथे शंका शिशाची आहे, वाफेबरोबर निघून जात नाहीत. जितके पाणी आटेल तितके उरलेल्या पाण्यात त्यांचे प्रमाण वाढते, म्हणजे दहा मिनिटे उकळलेले पाणी बाळासाठी अधिक वाईटच. टीडीएस मीटर पाण्याची विद्युतवाहकता मोजून विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देते आणि तोही लिटरमागे मिलिग्रॅममध्ये. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यातील शिशासाठी दिलेले मूल्य लिटरमागे १० मायक्रोग्रॅम आहे, म्हणजे एका मिलिग्रॅमचा शंभरावा भाग. ज्या मीटरवर २०० हा आकडा दिसतो, त्यावर शिसे या १० मायक्रोग्रॅमच्या पाचपट असले तरी काटा हलणार नाही.

आता अहवालाविषयी. तो खोटा असण्याचे कारण नाही, पण त्यातील बरेचसे आकडे पाणी केंद्रातून निघतानाचे असतात. शिसे बहुधा मूळ पाण्यात नसतेच; ते जोडणीचा नळ, जोडांवरचा जुना डाख आणि पितळी तोट्या यांतून वाटेत उतरते. पाणी रात्रभर नळात थांबले की त्याला हा धातू ओढून घ्यायला वेळ मिळतो. पाणी जितके आम्लधर्मी आणि जितके गरम तितके हे अधिक घडते, म्हणून पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी गरम पाण्याच्या तोटीचे पाणी कधीही घेऊ नये. अमेरिकेतील फ्लिंट शहराने २०१४ मध्ये पाण्याचा स्रोत बदलून नदीचे पाणी घेतले आणि त्यात गंजरोधक द्रव्य मिसळले नाही. नळ तेच जुने होते, पण त्यांच्या आतला संरक्षक थर सुटला आणि शिसे घरोघरी पोहोचले. आपल्याकडचा निळा-हिरवा ओघळ तांब्याचा आहे. पाणी धातू खात असल्याची ती उघड खूण आहे. नखाने चपटे होणारे कण मला अधिक काळजीचे वाटतात, कारण गंज भुरभुरतो, चपटा होत नाही; शिसे मात्र मऊ असते.

नमुना घेण्याच्या पद्धतीत लोक फार चुकतात. जंतूंच्या तपासणीसाठी जाळी काढून, नळ थोडा वेळ वाहू देऊन, प्रयोगशाळेने दिलेल्या निर्जंतुक बाटलीत पाणी घ्यावे लागते आणि ते थंड ठेवून २४ तासांच्या आत पोहोचवावे लागते. शिशासाठी याच्या जवळपास उलट करायचे: जाळी काढायची नाही, नळ आधी सोडायचा नाही, किमान सहा तास घरात कोणी पाणी वापरलेले नसावे, आणि अगदी पहिला लिटर बाटलीत धरायचा. प्रयोगशाळेत पाठवण्याआधी तोटी स्वच्छ घासून, पाणी नितळ येईपर्यंत सोडून घेतलेले नमुने मी कितीतरी पाहिले आहेत. त्यांतून कळते ते इतकेच की मालक टापटिपीचे आहेत.

प्रतिसाद ३ (पाना_पक्कड)

मी नळकामच करतो. आधी आपल्याकडे कोणता नळ आहे ते पाहावे. पाण्याच्या मीटरजवळ, जिथे नळ उघडा दिसतो, तिथे चुंबक लावावा. चिकटला तर लोखंड, बहुधा जस्ताचा मुलामा दिलेले. चिकटला नाही तर नाण्याच्या कडेने हलकेच खरवडावे: लालसर दिसले तर तांबे, नळ मऊ लागून चांदीसारखी चकाकी आली तर शिसे.

न्हाणीघर पुढे कधी नवे केले असेल, तर तांब्याचा नळ लोखंडी नळाला थेट जोडलेला आहे का तेही पाहावे. अशा जोडाजवळ लोखंड लवकर खाल्ले जाते आणि आपला पिवळा पेला बहुधा तिथून येतो.

आणखी एक गोष्ट सांगतो, विचारलेली नसली तरी. एका घरी नळाची रबरी नळी साबणाच्या पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवली होती. त्याच वेळी रस्त्यावरची वाहिनी फुटली, दाब पडला आणि बादलीतले पाणी उलटे ओढले जाऊन घरच्या नळात शिरले. स्वयंपाकघरात फेस आला म्हणून कळले तरी. कीटकनाशक असते तर फेसही आला नसता. नळीचे तोंड नेहमी भांड्याच्या काठाच्या वर असावे आणि बाहेरच्या तोटीला पाणी उलटे येऊ न देणारा व्हॉल्व्ह बसवावा.

जुने_घर

आपणा दोघांचे मनापासून आभार. मीटरजवळ चुंबक लावून पाहिला. भिंतीत शिरणाऱ्या नळाला तो घट्ट चिकटला, पण रस्त्याकडून मीटरपर्यंत येणाऱ्या हातभर तुकड्याला चिकटला नाही. तिथे खरवडल्यावर पांढरी चकाकी आली. प्लंबर तेवढा तुकडा उद्याच कापून बदलतो म्हणतो आहे.

नमुना_बाटली

उद्या बदलू नका. रस्त्याखालचा भागही शिशाचा असेल आणि आपण फक्त हातभर तुकडा कापला, तर कापण्याच्या धक्क्याने आतला थर सुटून पुढचे काही आठवडे पाण्यातले शिसे वाढू शकते. तो संपूर्ण नळ एकाच वेळी बदलण्याविषयी पाणीपुरवठा विभागाशी लेखी बोला.

तोवर बाळाचे पाणी बाटलीबंद घ्या किंवा शिसे काढण्यासाठी प्रमाणित असलेल्या गाळणीचे वापरा. रिव्हर्स ऑस्मोसिस चालेल, नुसता अल्ट्राव्हायोलेट दिवा चालणार नाही. अंघोळीला हे पाणी वापरण्यास हरकत नाही, शिसे त्वचेतून फारसे शोषले जात नाही. नमुना मात्र एकाच बाटलीत घेऊ नका. आतला व्यास १३ मिलिमीटर असलेल्या नळात मीटरभर लांबीला सुमारे १३० मिलिलिटर पाणी मावते. स्वयंपाकघर मीटरपासून वीस मीटरवर असेल, तर मीटरजवळच्या त्या शिशाच्या तुकड्यात रात्रभर थांबलेले पाणी तिसऱ्या लिटरच्या आसपास तोटीपर्यंत येईल. म्हणून पहाटे ओळीने पाच लिटर पाच बाटल्यांत धरा आणि प्रत्येकीवर क्रमांक टाका. आणि बाळाच्या डॉक्टरांना रक्तातील शिशाची तपासणी करण्याविषयी याच आठवड्यात विचारा. त्यासाठी पाण्याच्या निकालाची वाट पाहू नका.