स्तनाचा कर्करोग नऊ वर्षांनी जठरात: नवा आजार की जुनाच?

प्रश्न (डिचोली)

नमस्कार. माझी मावशी ६३ वर्षांची आहे. नऊ वर्षांपूर्वी मुंबईच्या टाटा रुग्णालयात तिच्या डाव्या स्तनाची शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर किमो, रेडिएशन आणि पाच वर्षे हार्मोनची गोळी असे सगळे उपचार तिने नेमाने पूर्ण केले. यंदा चवथीला तिने स्वतः केलेल्या पातोळ्यांतली एकही तिला खाववली नाही, तेव्हा आम्हाला पहिल्यांदा शंका आली. चार घासांत पोट गच्च होते, आता तर अर्धी वाटी पेजही संपत नाही. एंडोस्कोपीत गाठ किंवा व्रण दिसला नाही, मात्र हवा सोडूनही जठर नीट फुगत नव्हते. पहिल्या बायोप्सीत फक्त सूज आली. दुसऱ्या बायोप्सीत सिग्नेट रिंग पेशी (सूक्ष्मदर्शकात अंगठीसारख्या दिसणाऱ्या कर्करोगाच्या पेशी) सापडल्या आणि जठराच्या कर्करोगाची शक्यता नोंदवली गेली. आता जठर काढण्याचा सल्ला मिळाला आहे. स्तनाचा कर्करोग हाडांत, फुप्फुसांत, यकृतात किंवा मेंदूत जातो एवढेच आम्ही ऐकून आहोत. तो जठरातही जाऊ शकतो का?

उत्तर १ (फोंडा, निवृत्त पॅथॉलॉजिस्ट)

जाऊ शकतो, आणि तुम्ही लिहिलेले वर्णन वाचून माझ्या मनात तीच शंका प्रथम आली. शस्त्रक्रियेची तारीख ठरवण्याआधी मावशींचा जुना रिपोर्ट काढून त्यात ‘लोब्युलर’ हा शब्द आहे का, ते कृपया पाहा. स्तनाच्या कर्करोगांपैकी साधारण १० ते १५ टक्के या प्रकारचे असतात. पेशींना एकमेकींशी धरून ठेवणारे ई-कॅडहेरिन नावाचे प्रथिन या प्रकारात बहुधा नाहीसे झालेले असते. त्यामुळे पेशी गोळा होऊन गाठ करण्याऐवजी एकेकट्या, रांगेने ऊतींत शिरत जातात. जठर, आतडी, पोटाचे आवरण, बीजांडकोश अशा ठिकाणी हा प्रकार इतर प्रकारांपेक्षा अधिक आढळतो, आणि कित्येकदा पहिल्या उपचारानंतर बऱ्याच वर्षांनी. जठरात या पेशी आतल्या अस्तराखाली पसरतात. म्हणूनच भिंत ताठ होते, पण वरून फारसे काही दिसत नाही, आणि वरवरचा तुकडा घेतला तर बायोप्सी निर्दोष येते. पेट स्कॅनमध्येही हा प्रकार कधीकधी ठळक दिसत नाही.

अडचण अशी की सिग्नेट रिंग पेशी जठराच्या मूळ कर्करोगातही असतात आणि लोब्युलर कर्करोगातही असू शकतात. नुसत्या नेहमीच्या रंगाच्या स्लाइडवरून भेद करणे अनुभवी माणसालाही कठीण जाते. त्यासाठी इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री, म्हणजे पेशींतली ठरावीक प्रथिने रंगवून ओळखणारी तपासणी, करावी लागते. इस्ट्रोजेन रिसेप्टर (इस्ट्रोजेन हार्मोन पकडणारे प्रथिन) आणि गाटा-३ ही प्रथिने पॉझिटिव्ह, तर सीके-२० आणि सीडीएक्स-२ ही निगेटिव्ह आली, तर पारडे स्तनाकडे झुकते. एकट्या चाचणीवर मात्र विसंबू नये. जुन्या गाठीचा ब्लॉक (मेणात जतन केलेला तुकडा) शेजारी ठेवून तुलना करणे सर्वांत चांगले.

बायोप्सीसोबत गेलेल्या फॉर्मवर काय लिहिले होते, हेही विचारून घ्या. माझ्या नोकरीत ‘वजन घटणे, पोट भरल्यासारखे वाटणे’ एवढ्याच दोन ओळींचे फॉर्म मी असंख्य पाहिले. स्तनाची शस्त्रक्रिया झाल्याचे कळलेच नाही, तर पॅथॉलॉजिस्ट त्या चाचण्या मागवणार तरी कशाच्या आधारावर?

निदानावर पुढचे सगळे अवलंबून आहे. हा स्तनाचाच आजार ठरला आणि हार्मोन रिसेप्टर पॉझिटिव्ह असले, तर सहसा लेट्रोझोलसारखी हार्मोनविरोधी औषधे आणि त्यांच्या जोडीला पाल्बोसिक्लिब किंवा रायबोसिक्लिब (पेशींचे विभाजन रोखणाऱ्या गोळ्या) यांचा विचार होतो. जठर काढून मूळ आजार आटोक्यात येत नाही. रक्तस्राव, अडथळा किंवा छिद्र अशा प्रसंगीच शस्त्रक्रियेकडे वळतात. हर-२ (पेशींच्या वाढीला चालना देणारे एक प्रथिन) चाचणीही नव्या तुकड्यावर पुन्हा करून घ्यावी, कारण काळाच्या ओघात रिसेप्टर बदललेले असू शकतात.

उत्तर २ (म्हापसा)

माझ्या वहिनीचा अनुभव वेगळ्या जागेचा आहे, तरी तो सांगावासा वाटतो. तिच्या हनुवटीची उजवी बाजू आणि खालचा ओठ बधिर झाला होता. चहा ओठावरून ओघळला तरी तिला कळत नसे, समोर बसलेल्या माणसाने सांगावे लागे. दातांच्या डॉक्टरांनी एक दाढ काढली, पण दोन महिने काहीच फरक पडला नाही. अखेर एमआरआयमध्ये खालच्या जबड्याच्या हाडात, नसेच्या वाटेवरच आजार पोहोचल्याचे दिसले. दातांच्या डॉक्टरांना स्तनाच्या शस्त्रक्रियेबद्दल आम्ही सांगितलेच नव्हते, कारण दाताचा आणि त्याचा संबंध असेल असे आमच्यापैकी कोणालाच वाटले नाही. ती गोष्ट मला आजही सलते.

उत्तर ३ (फोंडा, निवृत्त पॅथॉलॉजिस्ट)

म्हापशाच्या ताईंनी लिहिलेले लक्षण वैद्यकात ओळखीचे आहे, आणि असा बधिरपणा दातदुखीशिवाय आला तर त्याचा शोध घ्यायलाच हवा. डोळ्याच्या आतल्या पडद्यामागे हा आजार पोहोचला, तर नजर अचानक अंधूक होते. पिट्यूटरी ग्रंथीत पोहोचला, तर अतोनात तहान लागून सारखी लघवी होते आणि घरचे साखर तपासत बसतात. स्टीफन पॅजेट या इंग्रज शल्यचिकित्सकाने १८८९ साली स्तनाच्या कर्करोगाने दगावलेल्या ७३५ रुग्णांच्या नोंदी तपासल्या आणि बी (कर्करोगाची पेशी) कुठे रुजेल हे मातीवरही (त्या अवयवावरही) अवलंबून असते, असे मांडले. लोब्युलर पेशींना जठराची माती का मानवते, याचे पूर्ण उत्तर मात्र अजून मिळालेले नाही.

प्रश्नकर्ती (डिचोली)

जुनी फाइल माळ्यावरच्या पेटीत सापडली. रिपोर्टमध्ये ‘इन्व्हेझिव्ह लोब्युलर कार्सिनोमा’ असे स्पष्ट लिहिले आहे. बायोप्सीच्या फॉर्मवर त्याचा उल्लेख नव्हता. शस्त्रक्रियेची तारीख आम्ही पुढे ढकलली असून मुंबईहून जुना ब्लॉक मागवण्यासाठी अर्ज केला आहे. तुम्ही सांगितलेल्या चाचण्या दुसऱ्या बायोप्सीच्या ब्लॉकवरच करायला लॅब तयार झाली, त्यामुळे मावशीला पुन्हा एंडोस्कोपीला नेण्याची गरज पडणार नाही. निकाल आला की इथेच कळवीन.