जंगलालगतच्या छोट्या हॉटेलने कोणती कामे बाहेर द्यावीत?

मोहफूल (चंद्रपूर जिल्हा):

नमस्कार. ताडोबा व्याघ्र प्रकल्पाच्या मोहर्ली प्रवेशद्वाराच्या परिसरात आमचे १४ खोल्यांचे हॉटेल असून खोलीचे भाडे साधारण ५,००० रुपये आहे. ताडोब्याचा गाभा विभाग जुलै ते सप्टेंबर बंद असतो. बफर क्षेत्रातील (गाभ्याभोवतालच्या पट्ट्यातील) सफारीमुळे थोडे पाहुणे येतात, पण पगार मात्र बाराही महिने पूर्ण द्यावे लागतात. म्हणून धुलाई, खोल्यांची साफसफाई, बाग, रात्रीची राखण आणि स्वयंपाकघर यांपैकी काही कामे ठेक्याने देण्याचा विचार घरात सुरू आहे. नागपूरची एक संस्था साफसफाई, बाग आणि राखण या तिन्ही कामांसाठी माणसे पुरवायला तयार आहे. मोठी हॉटेले हा निर्णय कशाच्या आधारे घेतात आणि तो आधार आमच्या भागात कितपत टिकतो, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

चिखलदरेकर:

शहरातील मोठी हॉटेले साधारणपणे स्वागतकक्ष, स्वयंपाक आणि वाढप स्वतःकडे ठेवतात, आणि धुलाई, कीडनियंत्रण, आवाराची साफसफाई, राखण, यंत्रांची देखभाल ही कामे बाहेर देतात. त्यामागे एक गृहीतक असते: एका पुरवठादाराने दगा दिला तर दुपारपर्यंत दुसरा मिळतो. आपल्याकडे नेमके तेच नसते. म्हणून प्रत्येक कामाबद्दल मी आधी एवढेच विचारतो की, उद्या तो माणूस आला नाही तर पाहुण्याला त्याची झळ किती वेळात लागेल आणि त्याच्या जागी दुसरा कुठून येईल.

या प्रश्नापुढे कीडनियंत्रण, जनरेटरची दुरुस्ती, टाक्यांची सफाई आणि हिशेब ही कामे निर्धास्तपणे बाहेर देता येतात, कारण चार दिवस उशीर झाला तरी पाहुण्याला कळत नाही आणि त्यांना लागणारे कसब आपण घरी पोसू शकत नाही. खोल्यांचे तसे नाही. पहाटे सफारीला गेलेले पाहुणे उशिरा सकाळी परततात, न्याहारी करून खोली सोडतात, आणि दुपारी नवे पाहुणे दारात उभे असतात. मधल्या दोन तासांत तुमचा शब्द ऐकणारीच माणसे हवीत, नागपूरच्या पर्यवेक्षकाला फोन करून परवानगी विचारणारी नव्हेत. स्वयंपाकघर तर मुळीच देऊ नये. अन्नसुरक्षेचा परवाना तुमच्या नावावर असेल आणि अन्न बाधले तर पाहुणा तुमचेच नाव घेईल.

खरा विचार धुलाईचा करावा लागतो. घरी धुतल्यास चादरी-टॉवेलांचा एक संच पलंगावर, एक धुण्यात आणि एक कपाटात, असे प्रत्येक खोलीमागे तीन संच पुरतात. कपडे चंद्रपूरला पाठवून दोन दिवसांनी परत येणार असतील तर पाच लागतात, आणि ही खरेदी ठेक्याच्या दरात दिसत नाही. दुसरीकडे, मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो आणि बोअरवेलचे पाणी खाली उतरते, तेव्हा आवारात चादरी धुणेही परवडत नाही. मी चादरी बाहेर देतो आणि टॉवेल व नॅपकिनपुरते यंत्र हॉटेलात ठेवले आहे.

हिशेबनीस, अमरावती:

वरील मांडणीशी मी सहमत आहे, फक्त कराची बाजू जोडतो, कारण पुष्कळ हॉटेलमालक ती करार झाल्यावर पाहतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून दररोज ७,५०० रुपयांपर्यंत भाडे असलेल्या खोल्यांवर ५ टक्के जीएसटी आहे, परंतु खरेदीवर भरलेल्या कराची वजावट मिळत नाही. माणसे पुरवणारी नोंदणीकृत संस्था १८ टक्के कर लावते. म्हणजे महिन्याला एक लाखाचे बिल असेल तर वरचे १८,००० रुपये तुमचा निव्वळ खर्च ठरतो. स्वतःच्या नोकराच्या पगारावर असा कर नसतो. २० लाखांखालील उलाढालीचा गावातला धोबी नोंदणीकृत नसेल, तर त्याच्या बिलावरही तो येत नाही. शिवाय ठेकेदाराने मजुरी थकवली किंवा भविष्य निर्वाह निधी भरला नाही, तर ती जबाबदारी अखेर मूळ मालकाकडे येते. त्यामुळे बिल चुकते करण्यापूर्वी दर महिन्याला भरणा केल्याच्या पावत्या मागाव्यात.

मूळ अडचण पावसाळ्यातील पगारांची असल्याने करारातील किमान माणसांचे कलम नीट वाचावे. जुलै ते सप्टेंबर माणसे कमी करण्याची मुभा त्यात लिहिलेली नसेल, तर रिकाम्या खोल्यांसाठी पगाराऐवजी तुम्ही ठेकेदाराचे बिल भराल, एवढाच काय तो फरक पडेल.

वैनगंगाकाठ:

मोहफूलताई, गावातील महिला बचत गटाचा विचार अवश्य करावा. आमच्याकडे चादरींची धुलाई आणि बागकाम असेच दिले आहे. काम नगावर मोजले जाते, त्यामुळे मंदीत बिल आपोआप उतरते. मात्र साबण, इस्त्री आणि विजेसाठी आगाऊ रक्कम द्यावी लागते, आणि आठवड्याचे पैसे आठवड्यालाच चुकवावे लागतात. त्या घरांचे किराण्याचे गणित त्यावर चालते, हे मालकाने कधीही विसरू नये. भातरोवणीच्या दिवसांत बायका शेतावर असतात, पण तेव्हा हॉटेलेही ओस असतात.

मोहफूल:

सर्वांचे मनःपूर्वक आभार. स्वयंपाकघर व खोल्या आमच्याकडेच राहतील, आणि चादरींसाठी गावातील गटाशी बोलणी सुरू करत आहोत. राखणीचे अजून ठरत नाही: रात्री आवाराजवळ बिबट्या फिरतो, तेव्हा परगावच्या अनोळखी रक्षकापेक्षा जंगल ओळखणारा गावचा माणूसच मला योग्य वाटतो. तो कायम नोकरीवर घ्यावा की हंगामापुरता, याबद्दल कोणाचा अनुभव असल्यास कृपया लिहावे.