दख्खनचा कातळ आणि जीवाश्म

दख्खनच्या बेसाल्टमध्ये (लाव्हा थिजून बनलेल्या काळ्या कातळात) जीवाश्म सापडत नाहीत हे लाव्हापुरते खरेच आहे, पण त्यावरून येथील प्राचीन पर्यावरण कळणारच नाही असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. दोन उद्रेकांमधल्या शांत काळात लाव्हाच्या पाठीवर तळी साचली आणि त्यांचा गाळ पुढच्या थराखाली गाडला गेला. नागपूरजवळच्या टाकळीत स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांना १९व्या शतकातच अशा गाळातले जीवाश्म मिळाले होते. त्यातली फायसा ही गोड्या पाण्यातली गोगलगाय ओळखणे सोपे आहे: शंखाचे टोक वर धरून तोंड आपल्याकडे केले, की ते डावीकडे येते, आणि बहुतेक गोगलगायींत ते उजवीकडे असते.

लखनौ विद्यापीठात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या आणि १९४३पासून तेथील भूविज्ञान विभागही सांभाळणाऱ्या प्रा. बिरबल साहनी यांनी याच थरांतल्या वनस्पतींवरून दख्खनच्या लाव्हाचे वय तृतीयक कालखंडाच्या (डायनासोर नष्ट झाल्यानंतर सुरू झालेल्या काळाच्या) आरंभाचे ठरवले. किरणोत्सारी कालमापनाने आज सुमारे ६.६ कोटी वर्षे हा आकडा येतो, म्हणजे साहनी (माझ्या मते आश्चर्यकारकरीत्या) फारसे चुकले नव्हते. छिंदवाड्यातल्या मोहगावकलानला निपा पामची फळेही सापडली आहेत. हे झाड भरती-ओहोटीच्या खाऱ्या चिखलात वाढत असल्याने, आज समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत असलेल्या त्या भागापर्यंत तेव्हा खाडी पोहोचली होती का, हा प्रश्न उभा राहतो.