पीचफेस आणि फिशर लव्हबर्डची जोडी जमलीय, पिल्लं होऊ द्यावीत का?

प्रश्न:
माझ्याकडे पीचफेस मादी आणि फिशर नर एकाच पिंजऱ्यात आहेत. हल्ली तो तिला सारखा भरवतोय आणि ती कागदाच्या पट्ट्या कातरून पाठीमागच्या पिसांत खोचत बसते. घरट्याचा बॉक्स लावला तर अंडी देईल असं वाटतंय. वेगळ्या रंगाची पिल्लं बघायचा मोह होतोय पण जाती वेगळ्या आहेत म्हणून मन कचरतंय. काय करू?

उत्तर १:
बॉक्स लावू नका प्लीज. ह्या क्रॉसची (दोन जातींच्या संकराची) पिल्लं जगतात, सुंदरही दिसतात, पण बहुतेक वांझ निघतात. आणि ते पट्ट्या खोचायचं तुम्ही लिहिलंय ना, खरी गोम तिथेच आहे. पीचफेस पट्ट्या पिसांत खोचून नेते, फिशर चोचीत धरून नेतात. विल्यम डिल्गर या अमेरिकन अभ्यासकाने ह्याच क्रॉसवर १९६२ मध्ये लिहिलंय, त्या संकरित पिल्लांना मोठेपणी धड काहीच जमेना, पट्टी पिसांत घालायला जायचे आणि चोचीतून सोडायचेच नाहीत, नाहीतर घातलेली वाटेत गळून पडायची, मग बऱ्याच काळाने चोचीत न्यायला शिकले तरी मान मागे वळवायची सवय काही पूर्ण गेली नाही. हौस आपली आणि गोंधळ त्या जीवाच्या नशिबी, मला हे पटत नाही.

उत्तर २:
सगळेच क्रॉस वांझ नसतात हां. निळा-पिवळा मकाऊ आणि स्कार्लेट मकाऊ ह्या मोठ्या पोपटांचा क्रॉस, म्हणजे कॅटलिना, चांगला धडधाकट असतो, त्याला पुढे पिल्लंही होतात. सन आणि जेंडे कोन्युर ह्या छोट्या पोपटांच्या क्रॉसचंही तेच.

उत्तर ३:
पुढे पिल्लं होतात म्हणूनच मला जास्त भीती वाटते. सन कोन्युर जंगलात धोक्यात आलेली जात आहे आणि पाळलेल्यांत जेंडेचं रक्त मिसळलं की दोनतीन पिढ्यांनी नुसतं बघून ओळखता येत नाही, तो पक्षी सन म्हणूनच विकला जातो. स्पिक्स मकाऊचं बघा, जंगलातल्या शेवटच्या नराला स्वतःच्या जातीची मादीच उरली नव्हती म्हणून त्याने दुसऱ्या जातीच्या मकाऊशी जोडी केली, २००० नंतर तो दिसला नाही. २०२२ मध्ये ब्राझीलमध्ये परत सोडले ते पिंजऱ्यात वाढवलेल्यांचे वंशज, ते शुद्ध राखले होते म्हणून जमलं.

प्रश्नकर्ता:
पटलं. पण जोडी तोडू का? एकमेकांशिवाय राहत नाहीत.

उत्तर १:
तोडू नका, राहू दे एकत्र. बॉक्स, कागद, झोपायचे तंबू, लपायची कोपऱ्यातली जागा सगळं काढा आणि रात्री अंधार जास्त वेळ मिळू दे. तरी अंडं दिलंच तर लगेच उचलून फेकू नका, ती भरपाईला आणखी देत राहते, कॅल्शियम संपतं आणि अंडं अडकून मादी दगावू शकते. त्याजागी प्लॅस्टिकचं नकली अंडं ठेवा, ती काही दिवस बसेल आणि कंटाळून आपणहून उठेल. कॅल्शियमसाठी कटलफिश बोन (समुद्री जीवाचं पांढरं हाड) पिंजऱ्यात असू द्याच.