लायकेनची प्रजाती कोणती: ग्राफिस की अ‍ॅलोग्राफा? ओळख पटवायला मदत हवी आहे

सालीला इतकं घट्ट चिकटलेलं पांढुरकं लायकेन (बुरशी आणि शैवाल यांचं सहजीवन), की सालीसकटच कापून घ्यावं लागलं. त्यावर फाटे फुटलेल्या रेघा (बीजाणू तयार होतात ते भाग) आहेत. कडा कोळशासारख्या काळ्या, मधली फट अगदी अरुंद. बीजाणू रंगहीन, आडव्या पडद्यांचे, आयोडीनने निळे-जांभळे होतात. फिओग्राफिस या जवळच्या प्रजातीचे तपकिरी असतात, म्हणून ते बाद. लायकेन-अभ्यासक श्टायगर यांच्या २००२ च्या वर्गीकरणानुसार हे ग्राफिसच. पण २०१८ मध्ये ल्यूकिंग आणि काल्ब या अभ्यासकांनी ग्राफिसमधून अ‍ॅलोग्राफा वेगळी काढली. तिच्या रेघा ठसठशीत आणि बीजाणूही मोठे. माझा नमुना नेमका दोन्हींच्या मधे पडतोय! डीएनए तपासणीची सोय नसेल तर तुम्ही कशावर भर देता? रेघेच्या छेदात काय बघायचं? जाणकारांनी कृपया सांगावं.