निविदेचे दर उघडल्यावर एल-१ (सर्वांत कमी दर देणारा) सोडून बाकीच्यांनाही वाटाघाटीला बोलावता येतं का?

खडी_मुरूम
रस्त्याचं काम, बी-१ (अंदाजित खर्चापेक्षा किती टक्के कमी-जास्त ते भरायची निविदा), महाटेंडर्स या राज्याच्या ई-निविदा पोर्टलवर दोन लिफाफे, तांत्रिक आणि आर्थिक. आर्थिक लिफाफा उघडला, सर्वांत कमी देकार (भरलेला दर) आमचा. आता कार्यालयातून तोंडी निरोप की पहिल्या तिघांना बोलावणार. चालतं का हे? आणि उघडण्याआधी दर बाहेर फुटणं पोर्टलवर शक्य असतं का?

बयाणा
तिघांना नाही. केंद्रीय दक्षता आयोगाच्या ३ मार्च २००७ च्या परिपत्रकानुसार वाटाघाटी हा मुळात अपवाद. झाल्याच तर फक्त एल-१ शी, तेही कारण नोंदवून. एल-१ ने माघार घेतली तर फेरनिविदा. एल-२ ला, म्हणजे दुसऱ्या क्रमांकाला, त्याच दरात काम देऊन मोकळं व्हायचं नाही. पण हे केंद्राचं झालं. राज्याच्या कामात आधी निविदा पुस्तिकेतलं वाटाघाटीचं कलम काढून वाचा, भांडायचं त्याच्यावरच.

आणखी एक. देकाराची वैधता कधी संपते ते बघून ठेवा. घोळ लांबला की मुदतवाढीची संमती मागतात. ती नाकारली म्हणून सहसा बयाणा (अनामत रक्कम) जप्त होत नाही, पण स्पर्धेतून बाहेर पडता. संमती द्यायची तर दर न बदलता, लेखी.

टोकन_पिन
दर फुटण्याबद्दल. फाइल अपलोड होतानाच उघडणाऱ्या अधिकाऱ्यांच्या डिजिटल सहीच्या चावीने कूटबद्ध होते. किमान दोघांनी आपापलं टोकन (डिजिटल सही असलेला यूएसबी) लावून पिन टाकल्याशिवाय, आणि ठरलेली वेळ झाल्याशिवाय, लिफाफा उघडत नाही. त्यामुळे गळती बहुतेक आपल्याच टेबलावरून होते: टोकन आणि पिन दोन्ही टेंडर भरणाऱ्या पोराकडे, भरलेली बीओक्यू (दर भरायची एक्सेल फाइल) त्याच्याच डेस्कटॉपवर, आणि तोच पोरगा त्याच कामाला आणखी दोघांचं भरतोय.

यात दुसराही धोका आहे. पुणे महापालिकेच्या कचरा प्रक्रियेच्या निविदांत स्पर्धा आयोगाने २०१८ मध्ये संगनमत ठरवलं, तेव्हा एकाच आयपी पत्त्यावरून भरलेले देकार पुराव्यात होते. तुमचं संगनमत नसेलही, पण पत्ता एकच दिसला की खुलासा तुम्हालाच करावा लागणार.

बी-१ च्या बीओक्यूत टक्केवारीशेजारी कमी की जास्त निवडायचा रकाना असतो, तोही तपासा. घाईत उलटं निवडलं की १२ टक्के कमीचे १२ टक्के जास्त होतात, आणि वेळ संपल्यावर दुरुस्ती नाही. फाइलचं नावसुद्धा बदलू नका, पोर्टल घेत नाही. शुद्धिपत्रकात नवी बीओक्यू आली असेल तर जुनी चालत नाही.

लिफाफा_दोन
दर उघडले की ते गुप्त राहत नाहीत, तुलनात्मक तक्ता भाग घेतलेल्यांना लॉगिनमध्ये दिसतो. गुप्त असते ती छाननी: समितीची टिपणी, कोणाला का अपात्र केलं याची चर्चा. काम बहाल होईपर्यंत त्यासाठी साहेबांच्या केबिनमध्ये चकरा मारू नका. बऱ्याच निविदांत छाननीवर प्रभाव टाकायचा प्रयत्न हेच देकार फेटाळायचं कारण असतं. बहाल झाल्यावर माहिती अधिकारात मागा. कलम ८(१)(घ) खाली व्यापारी गुपित म्हणून नकार येऊ शकतो, म्हणून दुसऱ्याच्या दराचं पृथक्करण (दर कसा बसवला त्याचा हिशोब) न मागता छाननी अहवाल आणि कार्यारंभ आदेशाची प्रत मागा.

खडी_मुरूम
कलम सापडलं. ‘वाटाघाटी फक्त निम्नतम देकारधारकाशी.’ आता फोन करू का?

बयाणा
फोन नको. कलमाचा क्रमांक घालून दोन ओळींचं पत्र, आवक शाखेत देऊन शिक्क्याची पोच घ्या, आणि तेच निविदेतल्या अधिकृत ईमेलवर.