समलिंगी खेळाडूंवर सातत्याने लिहायचं आहे: मुंबईत यावर करिअर होईल का?

दादरची_वार्ताहर:
मराठी दैनिकात क्रीडा पान बघते. कबड्डी, हॉकी, अॅथलेटिक्स. समलिंगी खेळाडू हा विषय धरून पुढे जायचं आहे. फक्त यावर निभेल का? आणि मुलाखतीत काय सांभाळायचं?

मैदानकट्टा:
फक्त यावर पगार मिळणं कठीण. अमेरिकेत जिम बुझिन्स्की आणि सिड झिगलर यांनी १९९९ मध्ये 'आउटस्पोर्ट्स' सुरू केलं, ते याच विषयाला वाहिलेलं आहे. आपल्याकडे क्रीडा बीट सोडू नका. निकाल, निवड चाचण्या, मानधनाची रखडपट्टी हे नीट लिहिणाऱ्यालाच खेळाडू फोन करतात.

जे जगजाहीर आहे तिथून सुरुवात करा. दक्षिण आफ्रिकेच्या क्रिकेटपटू मारिझान काप आणि डॅन व्हॅन नीकर्क यांचं २०१८ मध्ये लग्न झालं. काप मुंबईत खेळायला आली तर सामन्याच्या बातमीत 'पत्नी' हा शब्द सहज येऊ द्या, त्याची चौकट करू नका.

रात्रपाळी_डेस्क:
होकार एकदाच घेऊन भागत नाही. नाव, फोटो, जोडीदाराचा उल्लेख, गावाचं नाव, प्रत्येकाला वेगळं विचारा. घरच्यांना माहीत आहे का, हेही. मुंबईतले बरेच खेळाडू रेल्वे, पोलीस, आयकर अशा ठिकाणी खेळाडू कोट्यात असतात. तिथे माध्यमांशी बोलण्याचे सेवानियम असतात, ते आधी तपासा. नाहीतर कारवाईला निमित्त मिळतं. छापण्याआधी त्यांची विधानं वाचून दाखवा. निवड चाचणीच्या आठवड्यात बातमी लावू नका.

सगळ्यात जास्त घोळ मथळ्यात होतो. मजकूर संयत, आणि वर 'खळबळजनक कबुली'! कबुली गुन्ह्याची असते. म्हणून कॉपीसोबतच दोन मथळे आणि फोटोओळ पाठवा, आणि सोशल मीडिया बघणाऱ्यालाही तेच द्या. संग्रहातला जुना फोटो लागला तर शेजारी उभी असलेली सहखेळाडू विनाकारण संशयात येते.

दादरची_वार्ताहर:
नाव बदलून छापलं तर सुरक्षित ना?

रात्रपाळी_डेस्क:
नाव हा सगळ्यात छोटा भाग. 'राज्य संघातली डावखुरी वेगवान गोलंदाज' एवढ्यावर संघातल्या सगळ्यांना कळतं कोण ते. जिल्हा, स्पर्धेचं वर्ष, पदक, दुखापत यातलं जास्तीत जास्त एक ठेवा, बाकी काढा. मग उरलेला मजकूर तो खेळ जवळून बघणाऱ्या सहकाऱ्याला वाचायला द्या. त्याने ओळखलं, तर आणखी छाटा. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये 'डेली बीस्ट' या अमेरिकन वृत्तसंकेतस्थळाच्या वार्ताहराने डेटिंग अॅपवरून खेळाडू गाठून लेख लिहिला. नावं नव्हती, पण तपशिलांवरून काही जण ओळखू येत होते, त्यात समलैंगिकतेला गुन्हा मानणाऱ्या देशांतलेही. टीकेनंतर लेख पूर्ण काढून टाकावा लागला.

मैदानकट्टा:
एक भर. धावपटू द्युती चंदबद्दल लिहिताना दोन गोष्टी हमखास एकत्र होतात. २०१४ मध्ये तिला खेळण्यापासून रोखलं ते टेस्टोस्टेरॉनच्या नियमावरून, आणि २०१५ मध्ये क्रीडा लवादाने त्या नियमाला स्थगिती दिली. समलिंगी नात्याबद्दल ती २०१९ मध्ये बोलली. दोन्हींचा एकमेकांशी संबंध नाही.

समलिंगी संबंध गुन्हा नाहीत, हा सर्वोच्च न्यायालयाचा कलम ३७७ वरचा ६ सप्टेंबर २०१८ चा निकाल सज्ञान व्यक्तींपुरता आहे. तुम्ही शालेय स्पर्धाही करत असाल, तर अठरा वर्षांखालच्या मुलामुलींना हा प्रश्न विचारूच नका. संदर्भ हवा असेल तर समलिंगी व्यक्तींसाठी काम करणाऱ्या सांताक्रूझच्या हमसफर ट्रस्टकडे विचारा. १९९४ पासूनची संस्था आहे, आणि संस्थापक अशोक राव कवी स्वतः पत्रकार.